कोटिंग केलेले हेडर: जादा पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

जुन्या अमेरिकी व्ही-८ गाड्या हौसेने बांधणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न हमखास येतो. हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, घ्यायचे ठरलेले असते, नळ्यांचा व्यास ठरलेला असतो, आपल्या चासीत बसणारा नमुनाही सापडलेला असतो. आता तोच नमुना तीन भावांत समोर येतो. सगळ्यात स्वस्त जोडी काळ्या रंगाची. तिच्या साधारण दीडपट ते दुप्पट भावाची रुपेरी सिरॅमिक कोटिंगची. आणि त्याहून बरीच वर स्टेनलेस स्टीलची. पहिल्या दोन जोड्यांत पोलाद एकच, नळ्यांची वळणे एकच, वेल्डिंगही एकच. फरक फक्त वरच्या थराचा, आणि तो थर कागदाहूनही पातळ. त्यासाठी एवढे जादा पैसे मोजावेत का?

विकणाऱ्यांचे दावे मोठे असतात. ताकद वाढते, बॉनेटखालची उष्णता निम्म्यावर येते, हेडर जन्मभर टिकतो. हे तीन दावे एकत्र गुंडाळून सांगितले जातात, म्हणून घेणाऱ्याचा गोंधळ होतो. ते सुटे करून पाहिले की चित्र स्पष्ट होते. माझे मत आधीच सांगतो: ताकदीसाठी कोटिंगवर एक पैसाही देऊ नये. गंज रोखण्यासाठी, आजूबाजूचे सुटे भाग भाजू नयेत म्हणून आणि मुख्य म्हणजे हेडर पुन्हा उतरवण्याची वेळ येऊ नये म्हणून द्यावा. तेवढ्यासाठी तो बहुतेक वेळा द्यावाच.

आधी हेडरविषयी थोडेसे

कारखान्यातून येणाऱ्या जुन्या इंजिनांना ओतीव लोखंडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असे. तो स्वस्त, आवाज दाबणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा. पण सगळ्या सिलिंडरांचा धूर त्यात लगेच एकमेकांवर आदळतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असते आणि त्या नळ्या पुढे कलेक्टरमध्ये एकत्र येतात. एका सिलिंडरच्या धुराचा झोत पुढच्या सिलिंडरमधला धूर ओढून घ्यायला मदत करतो. १९५५ मध्ये शेव्हरलेचे स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिन आले आणि घरी बसून इंजिन सुधारणाऱ्यांना हाताशी असलेले, स्वस्त आणि सुटसुटीत इंजिन मिळाले. कॅलिफोर्नियातली हेडमन कंपनी १९५४ पासून हेडर बनवते आहे. पुढच्या दशकात हेडरांचा मोठा बाजार उभा राहिला.

या हेडरांच्या नळ्या बहुधा साध्या पोलादाच्या, १६ किंवा १८ गेजच्या असतात, म्हणजे दीड किंवा सव्वा मिलिमीटर जाडीच्या. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डची भिंत याच्या कितीतरी पट जाड. त्यामुळे मॅनिफोल्ड गंजला तरी बिघडत नाही, हेडर गंजला तर भोक पडते. कोटिंगची गरज या पातळ भिंतीतून निर्माण होते.

कोटिंग म्हणून नेमके काय विकले जाते

काळ्या जोडीवरचा रंग हा खरे तर वाहतुकीपुरता लावलेला असतो. गोदामात आणि प्रवासात गंज चढू नये, एवढेच त्याचे काम. इंजिन पहिल्यांदा नीट तापले की तो धुरावतो, जळतो आणि सिलिंडर-हेडजवळच्या वळणांवरून आधी निघून जातो. डब्यात मिळणारा उष्णतारोधक सिलिकॉन रंग याहून बरा, पण तो सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने भाजून पक्का करावा लागतो. तो टप्पा न पाळणारे लोक मग रंगाला दोष देतात.

क्रोमचा मुलामा दिसायला सुंदर असतो, पण एक्झॉस्टच्या तापाने तो आधी पिवळसर आणि मग निळा पडतो. शिवाय तो फक्त बाहेरून असतो.

रुपेरी सिरॅमिक कोटिंगमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण अकार्बनी, काचेसारख्या बंधकात बसवलेले असतात. जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरची पाती गंजापासून जपण्यासाठी जे लेप वापरात आले, त्यांच्याच कुळातला हा लेप. तो नळीच्या आत-बाहेर दोन्हीकडे देता येतो, जाडी साधारण २५ ते ५० मायक्रॉन, आणि बहुतेक बनवणारे त्याची मर्यादा ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास सांगतात. जेट-हॉट या अमेरिकी कंपनीमुळे तो घराघरांतल्या गॅरेजमध्ये पोहोचला.

त्यानंतर येतात काळे, राखाडी अशा रंगांतले जास्त तापमानाचे सिरॅमिक लेप. ओरेगन राज्यातली सेराकोट कंपनी अशांसाठी ओळखली जाते. ते रुपेरी लेपाहून अधिक ताप सोसतात, पण त्यांना तशी चकाकी नसते.

शेवटचा प्रकार प्लाझ्मा फवारणीचा. झिर्कोनियाची पूड प्रचंड तापलेल्या झोतातून वितळवून नळीवर मारतात. थर जाड बसतो, काही शे मायक्रॉनचा, आणि स्पर्शाला खरखरीत लागतो. न्यूयॉर्क राज्यातली स्वेन टेक आणि इंग्लंडमधली झिर्कोटेक ही यातली जाणती नावे. झिर्कोटेकचा उगम ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या हार्वेल इथल्या संशोधनात आहे. या फवारणीचा झोत सरळ रेषेत जातो. त्यामुळे वळणदार नळीच्या आत तो नीट पोहोचत नाही. थर मुख्यतः बाहेरूनच बसतो.

उष्णतेचा दावा: इथे थांबून हिशेब करायला हवा

कोटिंगच्या जाहिरातीत जेट इंजिन आणि अवकाशयान यांचा उल्लेख हटकून येतो, आणि त्यात तथ्य आहे. १९६० च्या दशकातल्या एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या इंजिनात झिर्कोनियाचा लेप वापरला गेला होता. पुढे गॅस टर्बाइनच्या पात्यांवर यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा थर देणे रूढ झाले. त्या थरामुळे पात्याचा धातू शंभराहून अधिक अंशांनी थंड राहू शकतो. मग तोच पदार्थ हेडरवर तीच किमया का करणार नाही?

उत्तर उष्णतेच्या ओघात आहे. एखाद्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात किती फरक पडेल, हे तीन गोष्टींवर ठरते: थराची जाडी, पदार्थाची उष्णतावाहकता आणि दर चौरस मीटरमधून वाहणारी उष्णता. टर्बाइनच्या पात्याला बाहेरून आगीचा झोत आणि आतून थंड हवेचे जोरदार शीतकरण असते. त्यामुळे ओघ दहा लाख वॉट प्रति चौरस मीटर एवढा असू शकतो. थर पाव मिलिमीटर धरला आणि फवारलेल्या झिर्कोनियाची वाहकता एक वॉट प्रति मीटर प्रति अंश धरली, तर फरक अडीचशे अंशांचा येतो.

आता हेडरकडे या. नळीतून बाहेर जाणारा ओघ वीस हजार वॉट प्रति चौरस मीटर धरू. थर ५० मायक्रॉनचा. तोच गुणाकार केला की उत्तर येते एक अंश. प्लाझ्माचा ३०० मायक्रॉनचा थर घेतला तरी सहा अंश. पदार्थ तोच असला, तरी त्यातून उष्णतेचा एवढा मोठा ओघ वाहत नसल्याने अडवायला फारसे काही उरतच नाही. हेडरमध्ये उष्णतेला खरा अडथळा करतात त्या दोन गोष्टी: आत भिंतीला चिकटून वाहणारा वायूचा थर आणि बाहेरचा पृष्ठभाग.

बाहेरच्या पृष्ठभागाशी कोटिंगचा खरा उपयोग सुरू होतो. तापलेली वस्तू नुसती हवा तापवत नाही, ती प्रारण करते. तापमान वाढले की हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून तापलेल्या हेडरच्या उष्णतेत प्रारणाचा वाटा मोठा. आता पृष्ठभागाच्या जातीनुसार हे प्रारण बदलते. गंजलेले पोलाद आदर्श काळ्या वस्तूच्या ८० टक्क्यांच्या आसपास प्रारण करते. ॲल्युमिनियम असलेला उजळ लेप ३० ते ४० टक्के. ५०० अंशांना गंजलेला हेडर दर चौरस मीटरला सुमारे १६ किलोवॅट फेकतो, रुपेरी हेडर ६ ते ८. व्ही-८ च्या लांब हेडरांच्या जोडीचे क्षेत्रफळ जवळजवळ एक चौरस मीटर भरते. म्हणजे हा फरक खोलीत लावायच्या दोन किलोवॅटच्या चार हीटरांएवढा झाला.

प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, कारण प्रारण कमी झाले की नळी स्वतः जास्त तापते आणि त्यातले थोडे परत जाते. तरीही जो उरतो तो खरा आहे. स्पार्क प्लगच्या वायरी, स्टार्टर, क्लचची केबल, ब्रेकच्या नळ्या, पायाशी असलेला पत्रा या सगळ्यांना तो जाणवतो. जुन्या शेव्हरले गाड्यांत गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू न होण्याची तक्रार प्रसिद्ध आहे, कारण स्टार्टर आणि त्याचा सोलेनॉइड हेडरच्या कुशीत बसलेला असतो. कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळण्याचा त्रासही याच उष्णतेतून येतो. अशा गाडीला रुपेरी लेप निश्चित उपयोगी.

यातून खरेदीसाठी एक गोष्ट निघते, जी फारशी सांगितली जात नाही. बाहेरची उष्णता कमी करायची असेल तर चकाकीला मोल आहे. काळा मॅट लेप जास्त ताप सोसतो, गंजही रोखतो. पण प्रारणाच्या बाबतीत तो गंजलेल्या पोलादापासून फार दूर नाही. दिसायला काळा आवडतो म्हणून घ्यावा, हरकत नाही. त्याने स्टार्टर थंड राहील ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

दुसरी गोष्ट मोजमापाची. दुकानात एक प्रात्यक्षिक दाखवतात: इन्फ्रारेड थर्मामीटर आधी साध्या नळीवर रोखतात, मग कोटिंगच्या नळीवर, आणि आकडा शंभर-दीडशे अंशांनी खाली येतो. हे उपकरण प्रारण मोजते आणि पृष्ठभाग ९५ टक्के प्रारण करणारा आहे असे गृहीत धरून तापमान दाखवते. उजळ पृष्ठभाग कमी प्रारण करतो, म्हणून दोन्ही नळ्या अगदी सारख्या तापलेल्या असल्या तरी आकडा शंभराहून अधिक अंशांनी कमी दिसेल. दाखवणाऱ्याचा हेतू स्वच्छ असेल, तरी तो पुरावा टिकत नाही. खरे पाहायचे असेल तर थर्मोकपल (स्पर्शाने तापमान मोजणारी तार) स्टार्टरच्या अंगावर, प्लगच्या रबरी टोपीवर आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी बांधावे, आणि कोटिंगच्या आधी व नंतर एकाच रस्त्यावर, एकाच ऋतूत मोजावे.

ताकदीचा दावा

तर्क असा मांडतात: लेपामुळे धूर गरम राहतो, गरम धूर वेगाने धावतो, म्हणून सिलिंडर जास्त चांगले रिकामे होतात. तर्काची दिशा बरोबर आहे, पण त्याचा आकार फार लहान आहे. हेडरच्या नळीतल्या लाटा ध्वनीच्या वेगाने जातात आणि ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. धूर ७५० अंशांऐवजी ७७० वर राहिला, तर वेग एका टक्क्याने वाढतो. लाटेची वेळ एवढीशी सरकली तर ताकद मोजणाऱ्या डायनो यंत्राच्या आलेखात ती दोन फेऱ्यांमधल्या नेहमीच्या चढउतारात हरवून जाते. ओतीव मॅनिफोल्ड काढून हेडर लावल्याचा फायदा डायनोवर स्पष्ट दिसतो. रंगवलेल्या हेडरऐवजी कोटिंगचा लावल्याचा दिसत नाही.

एक आडवाट मात्र खरी आहे. इंजिन जी हवा ओढते ती दर तीन अंशांना जवळजवळ एक टक्का विरळ होते. जुन्या गाडीत एअर फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर, हेडरांच्या मधोमध असतो आणि तो बॉनेटखालचीच तापलेली हवा घेतो. तिथे हवा दहा अंशांनी थंड झाली तर तीन टक्के जास्त हवा मिळते, आणि ती जाणवू शकते. पण हाच फायदा पुढच्या जाळीतून थंड हवा आणणाऱ्या नळीने अधिक स्वस्तात आणि अधिक खात्रीने मिळतो. आजच्या गाड्यांत ती सोय कारखान्यातूनच असते.

टर्बोचार्जरच्या गाडीचे गणित वेगळे. टर्बाइनला धुरातली उष्णता हवीच असते, त्यामुळे वाटेत ती जितकी टिकेल तितके बरे. तरीही तिथे मोठे काम नळीची लांबी कमी ठेवण्याने आणि टर्बाइनच्या घरावर जाड पांघरूण घालण्याने होते. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही थंड इंजिन सुरू झाल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. त्यासाठी त्यांनी मधे हवेची पोकळी असलेल्या दुहेरी भिंतीच्या नळ्या वापरल्या, कन्व्हर्टर इंजिनाला चिकटवून बसवला. उष्णता खरोखर कोंडायची असेल तर जाडी किंवा पोकळी लागते, हे त्यातूनही दिसते.

गंज: कोटिंगची सगळ्यात भक्कम बाजू

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पूर्ण तापलेले असताना ते वाफ होऊन निघून जाते. पण जी गाडी दहा मिनिटे चालते आणि पुन्हा उभी राहते, तिच्या थंड नळ्यांत ते पाणी आम्लांसह साचते. हौसेची जुनी गाडी नेमकी अशीच वापरली जाते: रविवारी थोडी, मग आठवडाभर झाकून. त्यामुळे तिचा हेडर बाहेरून चांगला दिसत असताना आतून खाल्ला जातो. उलट, रोज लांब पल्ला चालणारी गाडी आतून कोरडी राहते.

म्हणून कोटिंग घेताना पहिला प्रश्न असा विचारावा: आतून दिले आहे का, आणि किती आतपर्यंत? काही स्वस्त जोड्यांत लेप नळ्यांच्या तोंडापाशी दिसतो आणि पुढच्या वळणावर संपतो. फ्लँजच्या, म्हणजे हेडर इंजिनाला बोल्टने बसतो त्या पट्टीच्या, छिद्रातून बॅटरी मारून पाहिले तर कळते.

दुसरा शत्रू रस्त्यावरचे मीठ. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात. डेट्रॉइटच्या आसपास मोटार उद्योगात नोकरी करणाऱ्या मराठी माणसांनी आपल्या गाड्यांच्या पोटाखाली त्याचा प्रताप पाहिलेला असतो. तिथे साधा रंगवलेला हेडर काही हिवाळ्यांचा सोबती. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तोच हेडर वर्षानुवर्षे फक्त तांबूस होऊन राहतो. एकच वस्तू, एकच किंमत, पण प्रदेश बदलला की हिशेब उलटतो.

इथे ॲल्युमिनियमचा रुपेरी लेप दुहेरी काम करतो. तो पाणी आणि हवा अडवतो. शिवाय ओरखडा पडला तर ॲल्युमिनियम आधी झिजते आणि पोलादाला वाचवते. झिर्कोनियाच्या थराला हे जमत नाही. तो ताप सोसतो, पण सूक्ष्म छिद्रांचा असतो आणि खाली बंधक धातूचा थर नसेल तर ओल आत शिरते.

लेप का सोलतो: तयारीची गोष्ट

कोटिंगच्या बहुतेक तक्रारींचे मूळ लेपाच्या खाली असते. चांगल्या कारखान्यात हेडर आला की आधी त्यावरचे तेल उतरवतात. वापरलेला हेडर असेल तर भट्टीत भाजून आतली काजळी जाळतात. मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या खड्यांचा झोत मारून धातू उजळ आणि खरखरीत करतात. त्या खरखरीत अंगालाच लेप धरतो. आता उघड्या हाताने शिवायचे नाही. बाहेरून फवारा, आतून लेप ओतून किंवा वळवत फिरवून सगळीकडे पोहोचवणे, आणि मग भट्टी. भट्टीतून निघालेला हेडर राखाडी आणि निस्तेज दिसतो. त्याला खड्यांनी भरलेल्या थरथरत्या टाकीत घालून घासतात, तेव्हा ॲल्युमिनियमचे कण दाबले जाऊन एकमेकांना भिडतात आणि रुपेरी झळाळी येते. ही घासणी नुसती दिसण्यासाठी नाही. कण एकमेकांना भिडल्याशिवाय पोलादासाठी स्वतः झिजण्याचे काम ते नीट करू शकत नाहीत.

वेल्डच्या रेषेतल्या खाचा, फ्लँजचा आतला कोपरा, कलेक्टरमध्ये चार नळ्या मिळतात तिथला चिमटा, या जागी खड्यांचा झोत पोहोचायला अवघड. सोलणे आणि गंज याच जागी आधी सुरू होतात. हेडर हाती आला की याच जागा बोटाने आणि बॅटरीने तपासाव्यात.

दुसरी चूक घेणाऱ्याकडून होते. नव्याने बांधलेले इंजिन पहिल्यांदा चालवताना इग्निशनची वेळ आणि पेट्रोल-हवेचे प्रमाण नेमके जुळलेले नसते. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा कॅमशाफ्ट बसवण्यासाठी इंजिन वीस-तीस मिनिटे दोन हजारांच्या वर फिरत ठेवतात. या वेळी वळणे लालबुंद होऊ शकतात आणि लेपाची मर्यादा ओलांडली जाते. म्हणूनच लेप देणारे सांगतात, की नवे इंजिन जुन्या हेडरवर किंवा ओतीव मॅनिफोल्डवर आधी चालवून घ्या, मग कोटिंगचा हेडर लावा. हे न पाळल्यास अनेक ठिकाणी हमीही जाते.

तिसरी गोष्ट क्रमाची. हेडर स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा प्लगला लागत असेल तर नळीला हातोड्याने थोडी दाबून जागा करतात. ऑक्सिजन सेन्सरसाठी बूच वेल्ड करतात. हे सगळे कोटिंगनंतर केले तर त्या जागचा लेप गेलाच म्हणून समजा. आधी साधा हेडर गाडीत पूर्ण बसवून पाहावा, सगळे बोल्ट हाताने लागतात का बघावे, दाबणे-वेल्डिंग उरकावे आणि मग तो कोटिंगला पाठवावा. यात एकदा उतरवण्याची मेहनत वाढते, पण कोटिंगचे पैसे वाया जात नाहीत.

पर्यायांचा हिशेब

फायबरग्लास किंवा बेसाल्टच्या पट्ट्या नळीला गुंडाळणे हा स्वस्त मार्ग. त्या जाड असल्याने उष्णता खरोखर अडवतात, पातळ लेपाहून कितीतरी अधिक. पण अडवलेली उष्णता पोलादातच राहते. नळी जास्त तापते, पोलादावर खपल्या धरतात, आणि गाडी उभी असताना पट्टी ओल धरून ठेवते. साध्या पोलादाचा हेडर अशाने लवकर मरतो. बरेच हेडर बनवणारे पट्टी गुंडाळली की हमी नाकारतात. थोड्या मोसमांपुरत्या शर्यतीच्या गाडीला पट्टी चालेल, रस्त्यावरच्या गाडीला टाळावी.

उष्णतेची तक्रार एकाच जागी असेल, समजा फक्त स्टार्टरची किंवा दोन प्लग वायरींची, तर पत्र्याची ढाल किंवा ॲल्युमिनियमच्या आवरणाची बाही पुरते. त्यासाठी सगळ्या हेडरवर खर्च करण्याची गरज नाही.

स्टेनलेस हा कोटिंगचा खरा प्रतिस्पर्धी. ३०४ जातीचे स्टेनलेस साध्या पोलादाच्या एक-तृतीयांश उष्णता वाहते, पण पातळ नळीत त्याचाही उपयोग, वर सांगितलेल्या कारणाने, किरकोळ. त्याचे मोल गंज न धरण्यात आहे, आणि ते आरपार असते. ओरखड्याने जात नाही. त्याचे दुखणे म्हणजे ते जास्त प्रसरण पावते. एक मीटर नळी पाचशे अंशांनी तापली की सुमारे नऊ मिलिमीटर वाढते, साधे पोलाद साडेसहा-सात. वेल्डिंग निष्काळजी असेल तर तडे जातात. टर्बोच्या तापाला त्याहून महाग ३२१ जात लागते. गाडी जन्मभर ठेवायची असेल आणि वेल्डिंग दर्जेदार असेल तर स्टेनलेस परवडते. त्यावर पुन्हा कोटिंग देणे फक्त उष्णतेच्या किंवा रंगाच्या कारणाने.

आणि एक मुद्दा सगळ्या पर्यायांच्या आधीचा. फ्लँज जाड आणि सपाट हवा, नळीचे गेज जाड हवे, बसायला नेमके हवे. पातळ फ्लँज तापून वाकला की गॅस्केट फुटते, आणि गळक्या हेडरवरचे उत्तम कोटिंगही निरुपयोगी. पैसे मोजकेच असतील तर जाड फ्लँजचा रंगवलेला हेडर हा पातळ फ्लँजच्या कोटिंगवाल्या हेडरहून केव्हाही सरस.

आपल्याकडचा प्रश्न

महाराष्ट्रात व्ही-८ हेडर विरळा. इथे हा प्रश्न मोटरसायकलच्या बेंड पाइपच्या रूपात येतो. क्रोमचा बेंड पाइप निळा पडला, सायलेन्सरचा सांधा गंजला, की माणूस कोटिंगचा विचार करतो. सगळ्यात मोठा धोका पावडर कोटिंगचा. औद्योगिक वसाहतीतल्या दुकानात चासी आणि रिम काळ्या कुळकुळीत करून मिळतात, म्हणून लोक बेंड पाइपही त्यांच्यासोबत देतात. नेहमीची पॉलिएस्टर पावडर भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजून पक्की होते. बेंड पाइप पहिल्याच घाटात याहून कितीतरी जास्त तापतो. ती पावडर जळून, फुगून, सोलून निघणारच. एक्झॉस्टसाठी खास सिलिकॉनची पावडर किंवा सिरॅमिक लेपच मागावा, आणि तो किती अंशांचा आहे हे लेखी घ्यावे.

मोटरसायकलचा पाइप उघड्या हवेत असल्याने उष्णतेचा मुद्दा मागे पडतो, गंजाचा पुढे येतो. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस साध्या पोलादाला सोडत नाही. तापलेला पाइप साचलेल्या पाण्यात शिरला की लेपाला अचानक आकुंचन सोसावे लागते. पोलादाच्या जवळपास प्रसरण पावणारा लेप इथे टिकतो, ठिसूळ रंग तडकतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याला चांगला सिरॅमिक लेप नक्की परवडतो. पुणे-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात, छपराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला सिलिकॉनचा रंग नीट भाजून लावला तरी भागते.

आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे फेरफारांवर कडक भूमिका घेतली. बाहेरचा सायलेन्सर लावणे त्यामुळे अडचणीचे ठरते. कंपनीचाच पाइप उतरवून त्यावर लेप देण्यात पाइपची रचना बदलत नाही. म्हणून इथल्या वाचकासाठी कोटिंग हा, पाइप बदलण्यापेक्षा, असलेला पाइप वाचवण्याचा मार्ग म्हणून अधिक उपयोगी आहे.

निर्णय कसा करावा

माझ्या मते किमतीची तुलना रंगवलेल्या हेडरशी करू नये. ती हेडर पुन्हा बदलण्याच्या एकूण खर्चाशी करावी. काही गाड्यांत हेडर वरून उचलून निघतो आणि एका सकाळचे काम असते. काहींत इंजिन उचलावे लागते, स्टार्टर काढावा लागतो, स्टिअरिंगचा दांडा सोडवावा लागतो, आणि गंजलेला बोल्ट हेडमध्ये तुटला तर मशिन शॉप गाठावे लागते. दुसऱ्या जातीच्या गाडीत कोटिंगचे जादा पैसे एकदा वाचलेल्या मजुरीत निघून येतात. पहिल्या जातीत, कोरड्या प्रदेशात, गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर रंगवलेला हेडर घेणे शहाणपणाचे.

गाडी थोडी थोडी चालते, बराच काळ उभी राहते, मिठाच्या किंवा समुद्राच्या हवेत राहते, बॉनेटखाली जागा अरुंद आहे, गरम इंजिन सुरू होण्याची तक्रार आहे: यातल्या कोणत्याही दोन गोष्टी लागू असल्या तर आत-बाहेर दिलेला रुपेरी लेप घ्यावा. फक्त ताकद हवी असेल तर तेच पैसे थंड हवेच्या नळीवर, योग्य व्यासाच्या नळ्यांवर आणि नीट ट्यूनिंगवर खर्च करावेत. आणि लेप घेतलाच, तर ब्रँडच्या नावापेक्षा तयारीची चौकशी जास्त करावी: खड्यांचा झोत मारता का, आतून कुठवर देता, मर्यादा किती अंशांची, नव्या इंजिनावर हमी चालते का. या चार प्रश्नांना नीट उत्तर देणाऱ्या कारागिराला दिलेले जादा पैसे योग्य ठिकाणी गेले, असे खुशाल समजावे.